बारापर्यंत न आलेला अहवाल

देशात साथी का चढतात आणि का उतरतात, हे आमच्या जिल्ह्यात फक्त दोघांना ठाऊक होतं. एक देव आणि दुसरे तक्तेमास्तर. देव बोलत नाही आणि मास्तरांना कोणी विचारत नसे. मी आरोग्य कचेरीच्या जीपचा ड्रायव्हर, त्यामुळे मला विचारायचा तर प्रश्नच नव्हता. पण साहेब कधी खाली उतरतात याची वाट बघत मी रोज तीन-चार तास मास्तरांच्या टेबलापाशी बाकावर बसायचो, आणि मास्तरांना दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. म्हणून मोठमोठ्या डॉक्टरांना जे कळलं नाही ते मला चहाबरोबर फुकटात कळलं.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. तक्ते करायचे म्हणून तक्तेमास्तर. बावीस दवाखान्यांतला ताप, जुलाब, कावीळ आणि गोवर मोजायला जिन्याखालच्या खोलीत बसले ते सव्वीस वर्षं उठलेच नाहीत. खोलीत एक टेबल, एक फोन, दार न लागणारं एक लोखंडी कपाट (दाराला जुन्या अहवालाची घडी करून पाचर मारलेली) आणि समोर भिंतभर फळा. फळ्यावर चौकटी आखलेल्या आणि टाचण्यांवरून लोकरीचे धागे नेलेले. तापाचा पिवळा, जुलाबाचा हिरवा, काविळीचा निळा, गोवराचा लाल. दर सोमवारी बाराच्या ठोक्याला मास्तर प्रत्येक रोगाची नवी टाचणी मारायचे आणि धागा तिला गुंडाळायचे. पाच मिनिटांनी साहेब येऊन बघून जायचे. साहेबांनी रोग म्हणून जो काही पाहिला तो एवढाच, लोकरीचा. तसा मास्तरांनीही सव्वीस वर्षांत एक रोगी पाहिला नव्हता, पण त्यांना निदान त्याची लाज वाटायची.

सोमवारी दहापासून फोन सुरू व्हायचे. "ताप एकतीस, जुलाब बारा, कावीळ दोन, गोवर शून्य." मास्तर आकडे परत म्हणायचे आणि लिहायचे. कोण मोजून सांगतोय आणि कोण खिडकीबाहेर बघत सांगतोय, ते त्यांना आवाजावरून कळायचं.

"थापेचा आकडा बहुतेक पाचाच्या पटीत येतो," ते मला म्हणायचे. "खरा रोग असा गोल नसतो."

एकदा मी विचारलं, "मास्तर, हा हिरवा धागा दर वर्षाअखेरीस खाली का जातो? तेव्हा तर घरोघर पोटं बिघडलेली असतात."

"वर्षाअखेरीस तपासणीचं सामान संपतं. तपासणी नाही, मग रोग नाही." मग त्यांचं बोट फळ्यावरून फिरायला लागलं. "हा पिवळा इथे धाडकन उतरलाय ना? प्रयोगशाळेतल्या बाईंचं बाळंतपण. सहा महिने जिल्ह्यात कोणाला ताप नव्हता. आणि हा चढ? नवे साहेब आले. नवा साहेब पहिले तीन महिने रोग शोधतो, म्हणजे आधीच्याने काय घाण करून ठेवली ते दिसतं. चौथ्या महिन्यापासून शोधणं थांबवतो, म्हणजे आपण काय सुधारणा केली ते दिसतं."

"मग खरा रोग कुठे आहे यात?"

मास्तर लाल धाग्याकडे बघत राहिले. "हा थोडाफार खरा आहे. गोवर चार-पाच वर्षांनी येतोच, साहेब कोणी का असेना. ज्याला एकदा होऊन गेला त्याला पुन्हा होत नाही. ज्याला लस मिळाली त्यालाही सहसा होत नाही. मग रोगाला नवं मूल सापडेनासं होतं आणि साथ थांबते. साहेब म्हणतात, मी थांबवली. पण मुलं जन्मायची थोडीच थांबतात? काहींना लस मिळते, काहींची राहते. पेटीतला बर्फ वितळला, नर्सची बदली झाली, आई कामावर गेली होती. अशी राहिलेली मुलं साठत जातात. मंद आचेवर दूध ठेवलंय, वर साय कशी शांत! आपण खूश. आणि मग एक दिवस भसकन उतू जातं. त्या दिवशी जो साहेब खुर्चीत असतो त्याची बदली होते. पुढच्याला उतार आयता मिळतो."

"हे वर कळवा की."

"कळवलं होतं एकदा. उत्तर आलं, तक्ते पाठवा, भविष्य नको."

तरी वहीच्या शेवटच्या पानावर, पेन्सिलीने, ते दवाखानावार हिशेब ठेवायचेच. किती जन्मली, किती टोचली, किती राहिली. त्या पानाला वरून मागणी नव्हती.

हे सगळं ऐकून मास्तर म्हणजे कोणी संत वाटले असतील तर थांबा. त्यांच्या नावावर एक मोठं कर्तृत्व होतं. पूर्वी दवाखान्यांचे अहवाल यायचे तेव्हा यायचे. एखादा नाही आला की सगळा तक्ता अडून बसायचा आणि वरून शिव्या यायच्या. तरुणपणी मास्तरांनी यावर तोडगा काढला आणि तेव्हाच्या साहेबांकडून परिपत्रक काढवून घेतलं: सोमवारी बारापर्यंत न आलेला अहवाल शून्य समजावा. झालं! त्या दिवसापासून आमचा तक्ता वेळेवर. शेजारच्या जिल्ह्याने नियम उचलला, मग सगळ्यांनीच उचलला, आणि पुढच्या वर्षी सबंध देशातला ताप एक तृतीयांशाने उतरला. मास्तरांना कौतुकाचं पत्र आलं. ते त्यांनी काच घालून टेबलामागे लावलं होतं, आणि मी आलो त्याच्या कितीतरी आधी कधीतरी काढून ठेवलं होतं. भिंतीवर चौकोनी डाग तेवढा उरला होता.

आता त्यांच्या मुलीबद्दल. बायको लवकर गेली, मुलीला मास्तरांनी एकट्याने वाढवलं. ती नर्स झाली आणि डोंगरापलीकडच्या दवाखान्यात लागली, आमच्या बाविसांतला सगळ्यात लांबचा. दर सोमवारी अकराला तिचा फोन. आधी आकडे, मग घरचं बोलणं: जेवलात का, गुडघा कसा आहे, ओले कपडे घालू नका. मास्तर त्या दिवशी दाढी करून यायचे, फोनवर काही दिसत नाही तरी.

चार वर्षांपूर्वी तिने एका सोमवारी सांगितलं, "गोवर नऊ. बाबा, जादा लस लवकर पाठवा." मास्तरांनी नऊ लिहिले. त्या वेळचे साहेब बढतीच्या तोंडावर होते. ते म्हणाले, अंगावर पुरळ काय, उन्हानेही उठतं, 'इतर' मध्ये टाका. मास्तरांनी मूग गिळून नऊ खोडले आणि 'इतर' मध्ये टाकले. 'इतर' ला लस नसते. महिन्याभरात तिच्याकडची दोन मुलं गेली.

ती कचेरीत आली होती तेव्हा. मी बाकावरच होतो. ओरडली नाही की रडली नाही. फळ्यासमोर उभी राहिली, लाल धागा जमिनीला चिकटून सरळ गेलेला बघितला आणि म्हणाली, "बाबा, इतर म्हणजे कोण हो?"

त्या दिवसापासून तिचा सोमवारचा फोन यायचा तो फक्त आकड्यांचा. "ताप सोळा, जुलाब नऊ, कावीळ शून्य, गोवर शून्य. ठेवते." चार वर्षं बापलेकीचं एवढंच बोलणं. मास्तर तरी दाढी करून यायचे आणि तिचे आकडे लिहून झाल्यावर त्यांवरून एकदा बोट फिरवायचे. ताप जास्त असला की म्हणायचे, दमली असेल. जुलाब कमी असले की म्हणायचे, आज वेळेवर जेवली असेल.

सध्याचे साहेब आले ते जिभेवर साखर आणि डोक्यात ढाल घेऊन. सलग शंभर आठवडे गोवर शून्य असलेल्या जिल्ह्याला वरून मानाची ढाल मिळणार होती, आणि आमचा लाल धागा सुरुवातीपासून जमिनीला चिकटलेला. ऐंशीच्या पुढे साहेबांना झोप लागेना. नव्वदीत त्यांनी सभागृहाला रंग काढला. सत्त्याण्णवच्या सोमवारी मला हुकूम झाला की शंभर होईपर्यंत जीप कचेरीच्या कामालाच लागेल, कुठे जायची नाही.

अठ्ठ्याण्णवच्या सोमवारी अकराला मुलीचा फोन आला नाही.

मास्तरांनी सव्वाअकराला घड्याळ बघितलं, साडेअकराला बघितलं. पावणेबाराला स्वतः फोन लावला. पलीकडे घंटा वाजत राहिली. बारा वाजले. त्यांनी पेन टेकवलं, थांबले, आणि त्यांच्याच नियमाप्रमाणे शून्य लिहिलं.

आठवडाभर रोज लावत होते. घंटा वाजायची, कोणी उचलायचं नाही. नव्व्याण्णवच्या सोमवारी तेच. पुन्हा शून्य. मग ते जिना चढून साहेबांकडे गेले. त्यांना धरून चालायला लागतं म्हणून मीही मागोमाग गेलो.

"साहेब, डोंगरापलीकडून दोन आठवडे फोन नाही. तिथे एकशे साठ-सत्तर मुलं लशीवाचून राहिली आहेत. चौथं वर्ष आहे. एकदा जीप पाठवून बघू या."

साहेब पडद्याचे नमुने बघत होते. "मास्तर, फोन नाही म्हणजे रोग नाही. रोग असता तर ओरडली असती तुमची मुलगी."

"ओरडायला माणूस रिकामा लागतो, साहेब."

"शंभर झाले की जा. हवं तर मी येतो बरोबर." आणि निळा पडदा पुढे करून मला म्हणाले, "ढालीमागे हा शोभेल ना रे?"

मी म्हणालो, शोभेल. दुसरं काय म्हणणार? त्या दोन आठवड्यांत मी लशीच्या जीपमधून अठरा कुंड्या, दोन सतरंज्या आणि तो निळा पडदा वाहिला. चार वेळा डोंगराच्या फाट्यावरून गेलो आणि एकदाही गाडी वळवली नाही. हुकूम हुकूम म्हणतात तो असा असतो. आजही ते आठवलं की मला स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते.

शंभरावा सोमवार उजाडला. एकवीस फोन आले, बाविसावा आला नाही. बाराला दोन मिनिटं होती. मास्तरांनी वहीचं शेवटचं पान उघडलं, पेन्सिलीच्या आकड्यांकडे बघितलं, पान मिटलं, आणि डोंगरापलीकडच्या ओळीत गोवराखाली लिहिलं: चाळीस.

मी उडालोच. "मास्तर, फोन कुठे आला?"

"नाही आला."

"मग हे?"

"थाप आहे," मास्तर म्हणाले. "सव्वीस वर्षांतली पहिली. निदान वरच्या बाजूची पहिली."

याला कारण होतं. दहाच्या वर गोवर झाला तर ती साथ, आणि साथ असेल तर दोन तासांत जादा लस, औषधं आणि जीप निघालीच पाहिजे, असा पक्का लेखी नियम होता. फक्त तो कोणी कधी वापरू दिला नव्हता. त्या दिवशी फळ्यावर टाचणी मारायच्या आधीच तक्ता साहेबांकडे सहीला गेला. साहेब शंभराव्या शून्याच्या आनंदात होते, आणि नव्व्याण्णव वेळा न वाचता सही केलेला माणूस शंभराव्या वेळी कशाला वाचतोय? सही झाली. भांडारवाल्याने ती सही बघून फ्रीज उघडला. तोंडाने मात्र चालूच होतं, "साथ? आज? आज तर ढालीचा दिवस आहे!" आम्ही लशीच्या चार पेट्या, जीवनसत्त्वाचे थेंब आणि बर्फाच्या पिशव्या गाडीत घातल्या. मास्तर स्वतः पुढच्या सीटवर चढून बसले, मांडीवर एक पेटी घेऊन.

"तुम्ही कशाला? अडीच तास घाट आहे, गुडघा..."

"चल," ते म्हणाले.

दवाखाना म्हणजे दोन खोल्या आणि एक ओटा. ओट्यावर बाया मुलांना मांडीवर घेऊन ओळीने बसलेल्या. आत खिडक्यांना चादरी लावून अंधार केला होता, कारण गोवरात मुलांच्या डोळ्यांना उजेड सोसत नाही. जमिनीवर मुलंच मुलं. खोकल्याचा आवाज थांबत नव्हता. मदतनीस बाई स्वतःच्या आजारी मुलाला घेऊन कोपऱ्यात बसलेली. आणि मास्तरांची मुलगी गुडघे टेकून एका पोराला चमच्याने पाणी पाजत होती. तिचे केस सुटले होते, ओठ फुटले होते. फोन तिच्यापासून चार हातांवर भिंतीला होता.

तिने वर बघितलं. बापाला ओळखायला तिला क्षणभर लागला, कारण त्या जागी तिने त्यांना कधी पाहिलंच नव्हतं.

"फोन का नाही उचललास गं?" मास्तरांच्या तोंडून एवढंच निघालं.

"वाजत होता. हात रिकामा नव्हता," ती म्हणाली. "खाली निरोप धाडला होता एका मुलाच्या बापाबरोबर. आलं नाही कोणी." मग तिची नजर मास्तरांच्या हातातल्या लशीच्या पेटीकडे गेली. "लस मिळाली कशी? किती लिहिलेत?"

"चाळीस."

"चाळीस?" ती त्या अवस्थेतही हसल्यासारखं करून म्हणाली. "मोजून नाही लिहिलेत. आज एकशे सदतीस आहेत."

मास्तरांनी हातातली पेटी जमिनीवर ठेवली.

"आणि मागचे दोन सोमवार?"

"शून्य."

तिने चमचा खाली ठेवला. "सात गेली, बाबा. त्या दोन आठवड्यांत सात."

मास्तर दाराच्या चौकटीला धरून खाली बसले. मी इतकी वर्षं त्या माणसाची थट्टा करत आलो, पण त्या वेळी त्यांच्याकडे बघवलं नाही. मी पेट्या उतरवायच्या निमित्ताने बाहेर गेलो आणि गाडीच्या आडोशाला उभं राहून रडलो.

बापाच्या दुःखाला द्यायला मुलीकडे वेळ नव्हता. तिने दहा मिनिटांत त्यांना उठवून कामाला लावलं. अजून लागण न झालेल्या मुलांना टोचायचं, आजाऱ्यांना थेंब द्यायचे, आसपासच्या वस्त्यांवर फिरायचं. चार दिवस मी गाडी हाकत होतो, ती टोचत होती आणि मास्तर मुलांचे दंड धरत होते. पहिलं मूल किंचाळलं तेव्हा ते स्वतःच इतके दचकले की मूल गप्प बसलं. तिसऱ्या दिवशी कोणाला किती ताप आहे ते कपाळावर हात ठेवून सांगायला लागले. "बरोबर निघतंय की," मुलगी म्हणाली. चार वर्षांनी तिच्या तोंडून त्यांच्यासाठी चांगला शब्द निघाला तो हा.

आम्ही निघायच्या दिवशी त्या सात मुलांचे आईबाप मृत्यूचे दाखले मागायला आले. त्या भागात डॉक्टर येत नाही, त्यामुळे दाखला दवाखान्यातूनच मिळतो. मास्तरांनी सात कोरे दाखले घेतले आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदा आकड्याऐवजी नाव लिहिलं. सात नावं, सात वयं, सात तारखा. कारणाच्या जागी सातही वेळा 'गोवर'. मुलगी सहीला हात पुढे करत होती तर त्यांनी तिला थांबवलं.

"सही माझी राहू दे. तुझी नोकरी पंचवीस वर्षं आहे अजून. माझी एक."

एकशे सदतीसचा आकडा मुलीने पहिल्याच संध्याकाळी फोनवर कळवला होता. आम्ही परत आलो तेव्हा फळ्यावर लाल धागा जमिनीवरून उठून थेट छताकडे गेलेला होता. टाचणी साहेबांनी दुसऱ्या कोणाला तरी मारायला लावली होती, स्वतः बघवत नव्हती म्हणून. ढाल गेली, निळा पडदा आपला उगाच लटकत राहिला, आणि चौकशी बसली. तीन जणांच्या समितीने फळ्याचा बारकाईने अभ्यास केला. नव्व्याण्णव आठवडे शून्य. शंभराव्या आठवड्यात तक्तेमास्तर आपण होऊन डोंगरापलीकडे गेले. त्याच दिवशी एकशे सदतीस. सबब, सदर कर्मचाऱ्याचा दौरा आणि साथीचा उद्भव यांचा संबंध नाकारता येत नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती मी समक्ष पाहिली. मास्तरांना निलंबित केलं आणि त्यांच्या खुर्चीत त्या समितीतल्या एकाचा मेव्हणा बसला.

साथ उतरायची ती उतरलीच. सहा आठवड्यांत एकशे सदतीसवरून दोन. लगेच वरून कौतुक आलं, की इतक्या वेगाने साथ आटोक्यात आणणारा दुसरा जिल्हा नाही, म्हणून साहेबांना दुसरी एक ढाल जाहीर झाली. पहिलीपेक्षा मोठी. मी मास्तरांच्या घरी जाऊन ही बातमी सांगितली.

"म्हणजे लशीने उतरली ना?" मी विचारलं.

"चार आणे लशीने," मास्तर म्हणाले. "बारा आणे रोगाला मुलंच उरली नाहीत म्हणून. दोन आठवडे आधी गेलो असतो तर उलटं झालं असतं."

पण ढालीच्या कागदपत्रांत एक कुसळ निघालं. ते सात दाखले. त्यांवरच्या तारखा अठ्ठ्याण्णव आणि नव्व्याण्णव या आठवड्यांतल्या, आणि ते आठवडे तर शून्य. ज्या आठवड्यात रोगी नाही त्या आठवड्यात त्या रोगाने माणूस मरतो कसा, असा प्रश्न वरून आला. साहेबांनी मास्तरांना बोलावून घेतलं, खुर्ची दिली, चहा दिला.

"मास्तर, तुमचं वय झालं, दगदग झाली, होतं असं. ते सात कागद तेवढे परत आणा. नवे देऊ, कारणाच्या जागी 'ताप'. ताप तर होताच ना? खोटं काहीच नाही. निलंबन मागे घेतो, सत्कार करून निवृत्त करतो. नाहीतर बडतर्फी. आणि मग मुलीच्या दवाखान्याचीही चौकशी लावावी लागेल, माझा नाइलाज असेल."

मुलीचं नाव निघालं तेव्हा मास्तरांनी मान खाली घातली. म्हणाले, "जीप द्या."

घाटभर मला वाटत होतं, आणतील कागद परत. मी असतो तर आणले असते, खोटं कशाला बोलू.

पहिलं घर वस्तीच्या टोकाला होतं. आई घरात एकटीच होती, विशी-बाविशीची. तिने आम्हाला ओळखलं, बसायला पोतं टाकलं. मास्तर म्हणाले, "बाई, तो दाखला जरा बघायचा होता."

ती आत गेली, आधी हात धुतले, पुसले, आणि पत्र्याच्या पेटीतून तो कागद काढून आणला. मुलाच्या टोपड्यात गुंडाळून ठेवला होता. मास्तरांच्या हातात देताना तिचा चेहरा एकदम उतरला.

"काही चुकलंय का हो यात?" तिने विचारलं. "मला वाचता येत नाही. पण बदलू नका. सासूबाई गावभर सांगत होत्या, मीच पोराला गार पाणी पाजलं, मीच मारलं. नवराही बोलत नव्हता माझ्याशी. मग शेजारच्यांनी हा वाचून दाखवला. रोगाने गेला असं सरकारनेच लिहिलंय म्हणाले. तेव्हापासून मला या घरात जेवायला हाक मारतात."

मास्तर कागद धरून उभे होते. त्यांनी तो वरपासून खालपर्यंत वाचला, स्वतःचंच अक्षर, जणू पहिल्यांदा बघत होते. मग टोपड्यात पुन्हा नीट गुंडाळून तिच्या हातात दिला.

"काही चुकलेलं नाही," ते म्हणाले. "तपासायला आलो होतो. जपून ठेव. कोणीही मागितला तरी देऊ नकोस. मी मागितला तरी."

मी गाडी परतीला वळवत होतो तर त्यांनी हात आडवा केला. बाकीच्या सहाही घरी नेलं. प्रत्येक घरी कागद मागून घेतला, वाचला, परत दिला. शेवटी दवाखान्यात गेलो. मुलीला त्यांनी सगळं सांगितलं, चौकशीच्या धमकीसकट. ती जीवनसत्त्वाच्या बाटल्या रचत होती. म्हणाली, "लावू देत. माझ्या वहीत सगळं मोजून लिहिलंय." आणि मग, "बाबा, थांबा, जेवून जा."

दुसऱ्या दिवशी साहेबांनी दारातच विचारलं, "आणले?"

मास्तरांनी घडी केलेला एक कागद पुढे केला. त्यावर त्यांच्या वळणदार अक्षरात तीन ओळी होत्या, खाली सही आणि तारीख: सातही घरी समक्ष गेलो. सातही दाखले पाहिले. बरोबर आहेत.